डावखुरे सरदार

१

शिक्का खोटा निघाला तेव्हा कॅमेरा चालू होता. त्यामुळे बेबीचा चेहरा कसा उतरला, हे आता कुणालाही हवं तितक्या वेळा बघता येतं.

बेबी म्हणजे संग्रहालयातल्या धातूच्या वस्तूंची प्रमुख. पन्नाशीला टेकलेली, हाताखाली चार माणसं असलेली बाई. पण शेंडेफळाला घरात एकदा नाव पडलं की ते शेवटपर्यंत चिकटतं, त्याला पदवी आणि पगार काही करू शकत नाहीत.

खोटा निघालेला शिक्का तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा, पितळी. त्यावर एक बुरूज, आणि बुरुजाकडे दौडत निघालेला घोडेस्वार. धर्मयुद्धात लढायला गेलेल्या सरदारांच्या एका संघाचा हा शिक्का. गरिबीची शपथ घेऊन निघालेला हा संघ पुढे इतका गब्बर झाला की राजेही त्यांच्या दारात उभे राहू लागले. मग एका राजाने सगळ्यांना एकदमच पकडलं, हालहाल करून कबुलीजबाब घेतले आणि संघाचं नाव पुसून टाकलं. नाव पुसलं तरी गोष्टी उरतात, आणि गोष्टी उरल्या की माहितीपट निघतात. हा तीन भागांचा होता. तिसऱ्या भागाचा शेवट दिग्दर्शकाने मोठ्या हौसेने योजला होता: शिक्क्याच्या धातूची पहिलीवहिली तपासणी, थेट कॅमेऱ्यासमोर.

"हे पितळ नवं आहे," तपासनीस यंत्राकडे बघत म्हणाला. "माझ्या बाथरूममधला नळ याच्यापेक्षा जुना असेल."

त्याला वाटलं कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही.

शिक्का त्याआधी एकदाच संग्रहालयाबाहेर गेला होता, स्टुडिओतल्या चित्रीकरणासाठी. नेताना बेबी सोबत होती, आणताना बेबी सोबत होती, पेटीची किल्ली बेबीच्या गळ्यात होती. नाट्यप्रसंगांसाठी शिक्क्याची एक नक्कल बनवलेली होती, तीच अदलाबदलीत पेटीत आली असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. संचालकांनी बेबीला आत बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त घाबरट होते.

"सोमवारी समितीची बैठक आहे," ते म्हणाले. "नाटकातली नक्कल आणि आपला शिक्का यातला फरक तुम्हाला कळला नाही, असं मी सांगू? की कळला होता, असं सांगू?"

बेबीने बाहेर येऊन थोरल्या बहिणीला फोन लावला.

२

ताईने सगळी नोकरी एका विमा कंपनीत काढली होती. जळालेली गोदामं खरंच जळाली की जाळली, हे शोधायचं तिचं काम. निवृत्त झाल्यावर ती बागकाम करणार होती. झाडांनी तिला दाद दिली नाही.

"रडून झालं असेल तर सांग," ती बेबीला म्हणाली. "शिक्का पेटीत कुणी ठेवला?"

"सरांनी. म्हणजे शेवटच्या शॉटमध्ये तो त्यांच्याच हातात होता. त्यांनी मखमलीवर ठेवला, मी झाकण लावलं."

"लावताना बघितलंस?"

"बघितलं गं. मला तर आपलाच वाटला." बेबीचा आवाज बारीक झाला. "तेच तर सगळे विचारतायत. इतकी वर्षं ज्याच्यावर हात फिरवला, तो ओळखता येऊ नये?"

सर म्हणजे प्राध्यापक. त्या संघाच्या इतिहासातला शेवटचा शब्द. माहितीपटात सगळं सांगणारे तेच, आणि बेबीला विद्यार्थिनी असताना हाताला धरून या विषयात आणणारेही तेच. हा शिक्का अस्सल आहे हे प्रथम त्यांनी मांडलं, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्यांचं नाव काढलं की बेबीची पाठ अजूनही आपोआप ताठ व्हायची.

स्टुडिओत दिग्दर्शकाने ताईला स्वतःच्या हाताने खुर्ची दिली. दुःखी दिसायचा तो मनापासून प्रयत्न करत होता.

"फार वाईट झालं, मॅडम. फारच वाईट. पण काय शेवट मिळाला! असा शेवट लिहून मिळत नाही."

"मग शिक्का तुम्हीच चोरला असेल."

तो दचकला आणि मग मोकळेपणाने हसला. "चोरला असता तर सापडतानाचं चित्रीकरणसुद्धा केलं असतं. एवढ्यावर थांबलो नसतो."

ताईला ते पटलं. हावरट माणूस अर्ध्यावर उठत नाही, हा तिचा गोदामांमधला अनुभव होता.

"तपासणी होणार, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. पहिल्या दिवसापासून. आमच्या चहावाल्यालासुद्धा."

नाटकाचं सामान एका मागच्या खोलीत होतं. लाकडी तलवारी, पत्र्याची शिरस्त्राणं, लाल क्रूस शिवलेले पांढरे झगे. सामान बनवणाऱ्या कारागिराला सगळे विश्वकर्मा म्हणत, कारण तो स्वतःच तसं म्हणायचा.

"नक्कल माझी," तो छाती काढून म्हणाला. "सरांच्या पुस्तकातला फोटो समोर ठेवून कोरली. फोटोत आहे तश्शी, केसाचा फरक नाही."

"एकच केलीत?"

"एकच. दुसरी मागितलीच नाही कुणी. काम झालं आणि मी ती या ट्रंकेत टाकली. कुलूप लावत नाही आम्ही. पत्र्याच्या टोप्या कोण चोरणार?"

त्याने ट्रंक उघडली, उलथीपालथी केली, रिकामी केली. नक्कल नव्हती.

"म्हणजे माझीच संग्रहालयात जाऊन बसली," तो म्हणाला. त्याला भीती वाटत होती, पण ऊरही भरून आला होता.

३

सरांचं घर पुस्तकांनी इतकं भरलं होतं की पाहुण्याला बसवण्यासाठी आधी दोन खुर्च्या मोकळ्या कराव्या लागल्या. म्हातारा माणूस, स्वच्छ सदरा, बोलणं मऊ. त्यांनी ताईसाठी चहा स्वतः केला आणि साखर घालायला विसरले.

"पोरीला फार बोलू नका," ते म्हणाले. "चूक तिची नाही. त्या कारागिराने नक्कलच इतकी हुबेहूब केली होती."

"तुम्ही दोन्ही हाताळलेत?"

"दोन्ही. नाट्यप्रसंगाच्या वेळी नक्कल मीच अभिनेत्याच्या हातात दिली, धरायची कशी ते दाखवलं. आणि परवा संग्रहालयात जाऊन पेटीतली बघून आलो. तीच. मी शपथेवर सांगेन."

"अस्सल कधी बदलला गेला असेल?"

"चित्रीकरण संपल्यावर स्टुडिओत गडबड असते हो. दिवे उतरवतात, माणसं येतात-जातात. पेटी टेबलावर होती. कुणी हात मारला, काय सांगायचं?" त्यांनी चष्मा पुसला. "मी समितीपुढे तिची बाजू मांडेन. पण मला विचाराल तर तिने स्वतःहून बाजूला व्हावं. हकालपट्टीपेक्षा ते बरं."

"पेटीची किल्ली तिच्या गळ्यात होती, सर. पेटी उघडी राहिली नाही असं ती म्हणते."

"ती चांगली मुलगी आहे," सर म्हणाले. "चांगली माणसं असंच म्हणतात."

ताई बिनसाखरेचा चहा संपवून उठली. म्हाताऱ्याचं सगळं बोलणं सरळ होतं, आणि तरी जिना उतरताना तिला चुटपुट लागली. जो माणूस बाजू मांडतो म्हणतो, तोच राजीनामाही सुचवतो; ही कसली वकिली?

४

माहितीपट अजून पुरा व्हायचा होता, पण झालेला भाग बघायला मिळेल, असं संकलन करणारी म्हणाली. ही एक किडकिडीत, तोंडाळ तरुणी. एका खिडकी नसलेल्या खोलीत दोन पडद्यांसमोर तिचा मुक्काम. चित्रीकरणाच्या जागी ती एकदाही गेली नव्हती.

"जाऊन काय करू? तिथे गेलं की कोण किती राबलं ते दिसतं, आणि मग कापायला जीव होत नाही."

ताई बघत बसली. सरदार आले, गेले, शपथा घेतल्या, पडले. सर मधूनमधून येऊन समजावून सांगत होते, आणि फार छान सांगत होते. मग शिक्का मारण्याचा प्रसंग आला. संघाचा प्रमुख मेणावर शिक्का दाबतो, उचलतो. मेणात बुरूज आणि घोडेस्वार स्वच्छ उमटलेले.

"थांब," ताई म्हणाली. "हा डावखुरा आहे का?"

"कोण?"

"हा प्रमुख. मघाशी जेवताना उजव्या हाताने जेवत होता. इथे शिक्का डाव्या हाताने मारतोय. आणि ते मागे उभे आहेत ना, त्यांच्या सगळ्यांच्या तलवारी उजव्या कमरेला आहेत. सगळा संघच एकाएकी डावखुरा झाला?"

संकलिकेने जीभ चावली. "तुमचे डोळे आहेत की भिंगं! अहो, तो शॉट मी उलटा केलाय. आरशात दिसतो तसा. आम्ही करतो कधी कधी. लढाईत एक फौज डावीकडून येत असली की ती डावीकडूनच यायला लागते, नाहीतर बघणारा गोंधळतो. मग उलटी आलेली फौज आम्ही फिरवून घेतो."

"इथे फौज कुठे आहे?"

"इथे ठसा चुकला होता. मेणात घोडेस्वार भलतीकडे तोंड करून उमटला होता. मला काय कळतंय, पण सर पहिली जोडणी बघायला आले आणि खुर्चीतून उठलेच. ठसा उलटा आलाय, म्हणाले. पुस्तकातला घोडेस्वार उजवीकडे जातो, हा डावीकडे चाललाय. मग मी आख्खा शॉट फिरवून टाकला. काम फत्ते."

"दिग्दर्शकाला सांगितलंस?"

"नाही. सर म्हणाले, कुणाला बोलू नकोस, विश्वकर्म्याला उगाच वाईट वाटेल. देवमाणूस आहेत हो."

ताईने पर्स उचलली आणि ती तडक मागच्या खोलीत गेली. विश्वकर्मा एका शिरस्त्राणाला पोचे पाडत होता.

"तुम्ही कोरलेला शिक्का मला काढून दाखवा," ती म्हणाली. "पितळेवर दिसत होता तसाच."

त्याने खडूने फळीवर झरझर काढलं. उजवीकडे बुरूज, डावीकडून त्याच्याकडे धावणारा घोडेस्वार.

"नक्की असाच?"

"म्हणजे काय! फोटोत तसाच तर आहे."

ताईने बेबीला फोन लावला. "पेटीतला शिक्का समोर ठेव. घोडेस्वाराचं तोंड कुठे आहे?"

पलीकडे किल्ली फिरल्याचा आवाज आला.

"डावीकडे," बेबी म्हणाली. "असणारच. का गं?"

५

"रबरी शिक्का बघितलायस ना?" ताईने विचारलं. दोघी बेबीच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या आणि भाजी तशीच निवडायची राहिली होती. "त्यावर अक्षरं उलटी असतात, म्हणून कागदावर सुलटी उमटतात."

"ताई, मी हे काम करते."

"तू करतेस. विश्वकर्मा करत नाही. पुस्तकातला फोटो मेणावरच्या ठशाचा होता, आणि त्याने तो आहे तसा पितळेत कोरला. त्याच्या नकलेवर घोडेस्वार उजवीकडे जातो, मेणावर डावीकडे. संकलन करणाऱ्या पोरीने शॉट फिरवून ते झाकलं. आता बोल, ती नक्कल पेटीत आली असती, तर तुला झाकण लावताना कळलं असतं की नाही?"

बेबीने हातातली शेंग खाली ठेवली. "आंधळीलाही कळलं असतं."

"मग पेटीत आहे ती विश्वकर्म्याची नाहीच. ती दुसरी आहे. जाणत्या माणसाने, खऱ्या ठशावरून ओतून घेतलेली. म्हणून तू फसलीस, आणि फसण्यात तुझा काही दोष नाही. ट्रंकेतली नक्कल त्याच जाणत्या माणसाने पळवली, म्हणजे सगळ्यांना वाटावं, पेटीत आली ती हीच. नाहीतर ट्रंकेत एक, पेटीत एक, असा हिशेब लागला असता."

पुढचं बेबीला दिसत होतं आणि बघायचं नव्हतं.

"आपल्या शिक्क्याचा मेणाचा ठसा एकदाच बाहेर दिलाय," ती शेवटी म्हणाली. "अभ्यासासाठी. मीच सरांना घेऊन दिला होता, विद्यार्थिनी असताना."

"आणि ते मला म्हणाले, नाटकातली आणि पेटीतली, दोन्ही हाताळल्या, दोन्ही एकच. विश्वकर्म्याची उलटी आहे हे त्यांनी स्वतः पकडलं होतं. चुकून तसं बोलणारा हा माणूस नव्हे. आणि शिक्का पेटीत ठेवला तोही त्यांनीच."

"पण कशाला?" बेबी जवळजवळ ओरडली. "त्यांना पैशाचं काही नाही. विकणार कुणाला? आणि तपासणी होणार हे त्यांना माहीत होतं! चोरी उघडकीला येणारच होती!"

"तिथेच तर सगळं आहे," ताई म्हणाली. "चोराला चोरी झाकायची असते. या चोराला ती सापडायला हवी होती. तपासणीत शिक्का खोटा निघावा आणि सगळ्यांनी म्हणावं, अरेरे, अस्सल चोरीला गेला. जो चोरीला गेला तो कायमचा अस्सल. त्याची तपासणी कुणी करू शकत नाही."

बेबीने तिच्याकडे बघितलं.

"त्यांना वाटतंय, तो मुळातच खोटा आहे," ती हळू म्हणाली.

६

सरांनी नाही म्हटलं नाही. ताईने दोन वाक्यं बोलताच त्यांनी हात वर केला, आत गेले आणि चष्म्याचं जुनं घर घेऊन आले. शिक्का त्यात होता, पायमोज्यात गुंडाळलेला.

"फेकायला नदीपर्यंत गेलो होतो," ते म्हणाले. "हात उचलला नाही."

"का सर?" बेबीने विचारलं.

"शिक्का स्टुडिओत नेण्याआधी तुमच्याकडे कॅमेऱ्याची चाचणी झाली ना, तेव्हा त्यांनी मोठ्या भिंगातून शिक्का दाखवला. पडद्यावर भिंतीएवढा. कडेला एक रेघ दिसली. गोल, एकसारखी, लेथ मशीनवर निघते तशी. त्या काळी कुणाच्या हातून अशी रेघ निघत नाही." ते बसले. "त्याच्यावर मी आयुष्य उभं केलंय. आणि ते कॅमेऱ्यासमोर तपासायला निघाले होते."

"आणि माझं?" बेबी म्हणाली. "माझ्यावर काय येईल, हे तुमच्या मनात आलं नाही?"

"आलं," सर म्हणाले. "वाटलं, तू तरुण आहेस. निभावून नेशील."

पन्नाशीच्या बाईला कुणी तरुण म्हणावं आणि तिचा जीव जळावा, असं क्वचित होतं. बेबी शिक्का घेऊन निघाली.

सोमवारी समितीपुढे ताईने खडूने दोन घोडेस्वार काढले, एक इकडे जाणारा, एक तिकडे. एका सभासदाला तीनदा सांगावं लागलं, पण कळलं. बेबीची नोकरी राहिली आणि संचालकांनी तिची माफी मागितली, घाबरत घाबरतच. सरांवर खटला भरायचा की नाही, यावर समितीत वाद झाला. शेवटी वय बघून भरला नाही. त्यांची व्याख्यानं बंद झाली, पुस्तक संग्रहालयाच्या दुकानातून उतरलं. दिग्दर्शकाने तिन्ही भागांतून त्यांना काढून टाकलं आणि त्यांचीच वाक्यं एका नटाच्या आवाजात भरली.

मग शिक्क्याची तपासणी झाली. या वेळी कॅमेरा नव्हता. निकाल ऐकून बेबीने तपासनिसाला सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हाही तेच आलं. मग ती ताईला घेऊन सरांकडे गेली.

खुर्च्यांवर पुन्हा पुस्तकं साचली होती. दोघी उभ्याच राहिल्या.

"सर," बेबी म्हणाली, "शिक्का अस्सल आहे."

सरांनी मान हलवली, जणू ती समजूत घालते आहे. "ती रेघ—"

"रेघ नंतरची आहे. कुणा मालकाने चौकटीत बसवायला कड यंत्रावर घासून घेतली होती. कडेला नवं हत्यार लागलंय, बाकी धातू जुना आहे, कोरीव काम जुनं आहे. तुम्ही मांडलं ते सगळं खरं आहे. अक्षर न् अक्षर."

सर टेबलाला धरून सावकाश बसले. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं, ते हसू होतं की काय, ताईला सांगता आलं नाही.

"म्हणजे मी बरोबर होतो," ते म्हणाले.

"हो, सर."

"मग हे मी आता कुणाला सांगू?"

"मी सांगेन," बेबी म्हणाली. "प्रबंध लिहायला घेतलाय. पण त्यात तुमचं नाव मी घालणार नाही. घातलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही."

ताईला वाटलं, म्हातारा आता रडेल, निदान रागावेल. सर बेबीकडे बघत राहिले, मास्तर विद्यार्थ्याचं उत्तर तपासतो तसं.

"नको घालूस," ते म्हणाले. "मीही घातलं नसतं. रेघेबद्दल मात्र सविस्तर लिही. पुढचा कुणी घाबरायला नको."

बेबीने हो म्हटलं. त्यांनी चहा करू का विचारलं, दोघी नको म्हणाल्या. जिन्याच्या वळणावर बेबी थांबली, कठड्याला टेकली आणि हमसून हमसून रडायला लागली. ताईने तिला रडून झालं का, असं या वेळी विचारलं नाही. ती पायरीवर बसून राहिली आणि बेबीचा हात तिने सोडला नाही.